जेट बोट गरम झाली की पुन्हा चालू का होत नाही?

सकाळी इंजिन थंड असताना किल्ली फिरवली की दुसऱ्या सेकंदाला धडधडत चालू. तासभर मस्त पळवली, किनाऱ्याला लावली, बंद केली. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवावी तर नुसतं 'टक'. नाहीतर सेल्फ फिरतोय, फिरतोय, फिरतोय, आणि इंजिन काही पकडत नाही. मग एकजण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी आहे, तिसरा कार्बोरेटर खोलायला पाना घेऊन बसतो, आणि या गोंधळात तासभर गेला की बोट आपसूक चालू होते. सगळे गप्प. दोष कुणालाच सापडलेला नसतो, इंजिन गार झालेलं असतं इतकंच.

या बिघाडाचा वैताग असा की मेकॅनिककडे नेईपर्यंत बोट थंड होते आणि त्याच्यासमोर अगदी शहाण्यासारखी चालू होते. त्यामुळे चौकशी जिथल्या तिथे, इंजिन गरम असतानाच करावी लागते. त्याला फार काही लागत नाही, कान, नाक, घड्याळ आणि एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र). पार्ट बदलायचं काम सगळ्यात शेवटी, पण लोक सुरुवातच तिथून करतात.

जेट बोट चालते कशी, थोडक्यात

जेट बोटीला पाण्यात लटकणारा पंखा नसतो. तळाला एक जाळी असते, तिथून पंप पाणी आत ओढतो आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकतो, त्या धक्क्यानं बोट पुढे जाते. पंपाच्या आत फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाला इंपेलर म्हणतात. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी ही पद्धत यशस्वी करून दाखवली, कारण तसल्या नदीत साधा पंखा पहिल्याच दगडावर तुटतो. पुढे अमेरिकेत गाड्यांची मोठी व्ही-एट (आठ सिलिंडरची) इंजिनं, सात-साडेसात लिटरची, सरळ पंपाला जोडून भरपूर बोटी निघाल्या. आज गरम झाल्यावर रुसणाऱ्या बोटींमध्ये ही जुनी कार्बोरेटरवाली मंडळी पुष्कळ आहेत.

दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक, या बोटींमध्ये बहुतेक वेळा गिअरबॉक्स नसतो, इंजिन फिरलं की इंपेलर फिरणारच. न्यूट्रल म्हणजे फक्त मागच्या झोताच्या तोंडावर एक बकेट (झोत वळवणारं झाकण) अर्धी खाली आणायची, झोत पुढेमागे वाटला जातो आणि बोट साधारण जागेवर राहते. दोन, इंजिन थंड ठेवणारं पाणी बऱ्याच बोटींमध्ये याच पंपाच्या दाबानं येतं, नदीचं पाणी थेट इंजिनच्या ब्लॉकमधून फिरतं आणि बाहेर पडतं. म्हणजे इंजिन बंद केलं की पंप बंद, आणि पंप बंद की थंड करणारं पाणीही बंद.

बंद केल्यावर इंजिन जास्त गरम होतं, हे कसं?

धावत आलेला माणूस थांबला की घाम उलट जास्त सुटतो, तसंच हे. धावताना अंगावर वारा असतो, थांबलं की वारा गेला पण आतली उष्णता आहे तशीच. इंजिनचे हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे जाडजूड बिडाचे तुकडे, त्यांच्यात साठलेली उष्णता बंद केल्यावर हळूहळू पसरत कार्बोरेटर, पेट्रोलची नळी, स्टार्टर (म्हणजे सेल्फची मोटर), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारा भाग) सगळ्यांपर्यंत पोचते. याला मेकॅनिक हीट सोक म्हणतात. आणि हे सगळं झाकण लावलेल्या बंद पेटीत चाललेलं असतं, गाडीच्या बॉनेटखाली निदान समोरून-खालून हवा तरी शिरते, इथे तेही नाही.

म्हणून घड्याळ महत्त्वाचं. इंजिन बंद करून लगेच दोन मिनिटांत किल्ली फिरवली तर चालू होतं, वीस मिनिटांनी होत नाही, दोन तासांनी पुन्हा होतं, असा प्रकार असेल तर दोष उष्णता पसरल्यावर जागा होणारा आहे हे जवळजवळ नक्की. बंद केल्या केल्या लगेचसुद्धा होत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे उष्णता पसरायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे भाग चालू असतानाच तापून ढिला पडलाय, किंवा टायमिंगचं, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचं काहीतरी आहे.

पाना उचलायच्या आधी ब्लोअर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी म्हणजे बिल्जमध्ये साचते, आणि गरम इंजिनवर पेट्रोल उकळत असेल तर ती साचणारच. त्यामुळे आधी झाकण उघडा, नाकानं वास घ्या, ब्लोअर (इंजिनच्या पेटीतली हवा बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा, मगच सेल्फ. कार्बोरेटरवर जी जाळीदार टोपी असते, फ्लेम अरेस्टर, ती काढलेली असताना सेल्फ कधीच मारायचा नाही. आणि गाडीचा स्टार्टर स्वस्त मिळाला म्हणून बोटीला बसवायचा नाही. दिसायला दोन्ही सारखे असतात, पण बोटीवाला आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये असा बनवलेला असतो. या बाबतीत मी अजिबात सैल नाही, बोट पेटली की पळायला जागा नसते.

पहिला प्रश्न एकच: सेल्फ फिरवतोय का?

किल्ली फिरवा आणि ऐका. 'टक' होऊन शांत? कण्हत कण्हत, अडखळत फिरतंय? की नेहमीच्या जोरात फिरतंय पण पकडत नाही? या तीन आवाजांची तीन वेगवेगळी घराणी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. सेल्फच फिरत नसताना कार्बोरेटर खोलणारे मी पाहिलेत. आणि हो, सगळ्यात आधी किल स्विचची दोरी (जी निघाली की इंजिन बंद होतं) जागेवर आहे ना ते बघा, हसू नका.

नुसतं 'टक' होतं तेव्हा

स्टार्टरला इतक्या मोठ्या इंजिनसाठी दोनशे अँपिअरच्या आसपास करंट सहज लागतो. आता बाग शिंपायच्या पाइपवर कुणी पाय ठेवला तर पाणी येतं, पण धारेचा जोर जातो. केबलच्या जोडणीत गंज असेल तर विजेचं तसंच होतं. फक्त ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा, साध्या मल्टिमीटरला तो दिसतसुद्धा नाही, पण दोनशे अँपिअर त्यातून जाताना २ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये २ व्होल्ट म्हणजे फार झाले. थंड असताना स्टार्टर तेवढ्यावरही कसंबसं ओढून नेतो. गरम झाल्यावर स्टार्टरच्या आतल्या तांब्याच्या तारांचा स्वतःचाच अडथळा वाढलेला असतो, २० अंश सेल्सिअसला जेवढा असेल त्यापेक्षा १०० अंशाला साधारण ३० टक्के जास्त. आधीच पाइपवर पाय, त्यात नळही अर्धा बंद. मग 'टक'.

माझ्या स्वतःच्या बोटीवर मी याच आवाजापायी दोन बॅटऱ्या आणि एक स्टार्टर बदलला, आणि नवीन स्टार्टरही वीस मिनिटं थांबल्यावर तसाच 'टक' म्हणाला. शेवटी वैतागून सेल्फ मारताना केबलींवर हात फिरवत गेलो तर अर्थिंगची केबल इंजिनकडच्या टोकाला चटका बसेल इतकी गरम. वरून रबर काळंभोर, नवंकोरं. ब्लेडनं चिरलं तर आतली तार हिरव्या भुकटीत गेलेली, बोटानं दाबलं की भुकटी खाली पडत होती, चांगले धागे जेमतेम एक चतुर्थांश उरले असतील. दोन हात लांबीची केबल बदलली आणि विषय संपला. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

मी तेव्हा केली नाही ती तपासणी अशी. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. मग तसंच पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर नको. दोन्हीकडे ठीक असेल तर बॅटरीच्या दोन खांबांवरच लावून बघा, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी. हे तिन्ही बरोबर आले तरच स्टार्टरवर संशय घ्या.

मध्ये एक भाग राहतो, सोलेनॉइड. स्टार्टरवर बसलेला हा चुंबकाचा स्विच, किल्लीकडून आलेल्या बारीक वायरवर चालतो. बोटीत ही वायर इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत आणि परत अशी लांब फिरते, मध्ये चारदोन कनेक्टर, म्हणजे तिथेही व्होल्ट गळतात, आणि एक्झॉस्टच्या शेजारी भाजलेल्या सोलेनॉइडला मुळात जास्त जोर हवा असतो. बारीक वायरवर सेल्फ मारताना १० व्होल्टच्या आसपासही पोचत नसतील तर स्टार्टरजवळ बोटीसाठी बनवलेला एक रिले (बारीक करंटवर चालून जास्त करंट सोडणारा स्विच) लावला की कैक वेळा काम भागतं.

कण्हत, अडखळत फिरतं तेव्हा

वरच्या सगळ्या तपासण्या इथेही लागू आहेत, पण एक खास कारण आहे, टायमिंग खूप पुढे असणं. म्हणजे पिस्टन वर पोचायच्या बराच आधी ठिणगी पडते. गरम इंजिनात मिश्रण पटकन पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलटा धक्का देतं, झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलल्यासारखं. सेल्फ एकदम अडतो, परत फिरतो, परत अडतो. ओळखायची युक्ती मला फार आवडते: कॉइलकडे जाणारी बारीक पॉझिटिव्ह वायर काढा, म्हणजे ठिणगी बंद, आणि सेल्फ मारा. आता मोकळेपणानं गरगर फिरलं तर दोष बॅटरीचाही नाही आणि स्टार्टरचाही नाही, टायमिंग मागे घ्या. कॉइलमधून ठिणगीची वीज नेणारी जाड हायटेन्शन वायर मात्र मोकळी ठेवून हे करू नका, ठिणगी उडायला जागा शोधते.

छान फिरतंय, पण पकडत नाही

आता दोनच गोष्टी, पेट्रोल किंवा ठिणगी.

पेट्रोल हे एकच द्रव नाही, मिश्रण आहे, आणि त्यातला हलका भाग ३५-४० अंशालाच उकळायला लागतो. थोडं इथेनॉल मिसळलेलं असेल तर वाफ व्हायची ओढ आणखी वाढते. गरम मॅनिफोल्डवर बसलेल्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात) पेट्रोल उकळलं की ते उतू जाऊन कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांतून खाली मॅनिफोल्डमध्ये ठिबकत राहतं. इंजिन फ्लड होतं, म्हणजे जादा पेट्रोलनं भरतं. वास येतो, प्लग काढले तर ओले आणि काळे. उलट प्रकारही असतो, नळीत किंवा फ्युएल पंपातच वाफ अडकते, पंप वाफ ढकलत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा. याला व्हेपर लॉक म्हणतात. फरक कळतो तो असा: सेल्फ न मारता कार्बोरेटरच्या तोंडात बघत एकदा थ्रॉटल ओढा, पेट्रोलची पिचकारी उडाली तर कोरडा नाही, काहीच उडालं नाही तर कोरडा.

फ्लड झालं असेल तर थ्रॉटल पंप करू नका, लोक घाबरून नेमकं तेच करतात आणि आणखी पेट्रोल ओततात. थ्रॉटल पूर्ण उघडा, तसाच धरा, आणि सेल्फ मारा, जास्त हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. पण ही गाडी नाही, क्लच नाही की न्यूट्रल गिअर नाही, इंजिन पकडलं की पूर्ण थ्रॉटलवर बोट उडी मारेल. बकेट न्यूट्रलला, समोर पाण्यात माणूस नाही ना ते बघून, आणि पकडल्या क्षणी थ्रॉटल मागे. सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर भाजून वरच्या 'टक'वाल्या प्रकरणात जाऊन पडाल.

कोरडा असेल तर नळीवर आणि पंपावर ओलं फडकं ठेवा, जुनी युक्ती आहे पण चालते. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर मात्र बादलीभर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब, आणि बोट थांबवली की झाकण उघडून ब्लोअर दहा मिनिटं चालू. शेवटचा उपाय फुकट आहे, आधी तोच करून बघा.

पेट्रोल ठीक असेल तर ठिणगी. कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मोड्यूल यांची खोड अशी की तापल्यावर आतला सांधा सुटतो आणि गार झाल्यावर परत जुळतो. बंद, गळती नसलेला स्पार्क टेस्टर लावून गरम असतानाच बघा. ठिणगी नाही किंवा मरतुकडी पिवळट आहे, आणि गार झाल्यावर कडक निळी येते, तर सापडला चोर. खात्री करायची तर मोड्यूल काढून, बोटीपासून लांब टेबलावर हेअर ड्रायरनं तापवून तपासता येतं.

नवीन इंजेक्शनच्या इंजिनात कार्बोरेटर नाही, पण पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलू शकतो. गरम इंजिनला थंड सांगितलं की कॉम्प्युटर थंड समजून भरपूर पेट्रोल ओततो, म्हणजे परत फ्लडच. क्रँकजवळचा सेन्सर गरम झाल्यावर बंद पडला तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब. दोन्ही एकदम गेलं की आधी तोच बघा.

"पण पंपाचाच लोड येत असेल ना?"

हे मला नेहमी ऐकवतात. गिअर नाही, म्हणजे सेल्फला इंजिनबरोबर पाण्यात बुडालेला इंपेलरही फिरवावा लागतो, त्याचाच भार. ऐकायला पटतं, पण हिशेब करा. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. ४००० आरपीएमला ३०० हॉर्सपॉवर खाणारा पंप २०० आरपीएमला, म्हणजे सेल्फच्या वेगाला, वीस पट कमी वेगावर असतो, ताकद आठ हजार पट कमी. आली ०.०४ हॉर्सपॉवरच्या आत, तीसेक वॉट. स्टार्टर एक-दोन किलोवॉटचा असतो, त्याला हे जाणवणारही नाही. पंपामुळे सेल्फ अडतो तो एकाच प्रकारात, इंपेलरमध्ये दोरी किंवा दगड अडकला असेल तर. तसं असेल तर थंड असतानाही अडेल. जाळीत हात घालण्याआधी किल्ली काढा, किल स्विचची दोरीही काढा.

"टेंपरेचर मीटर तर नॉर्मल दाखवतो"

दाखवणारच. नदीचं थंड पाणी सतत फिरत असताना मीटर त्या पाण्याचं तापमान सांगतो, वर बसलेल्या कार्बोरेटरचं किंवा खाली एक्झॉस्टला चिकटलेल्या स्टार्टरचं नाही. चालताना मीटर खरंच चढत असेल तर वेगळी गोष्ट, वाळू-गवतानं पाण्याची वाट तुंबलीय का ते बघा.

'धप्प' करून अडलं तर थांबा

एक आवाज वेगळा आहे. सेल्फ मारल्यावर इंजिन अर्धा फेरा फिरून भिंतीला आपटल्यासारखं 'धप्प' थांबतं. हे सिलिंडरमध्ये पाणी असल्याचं लक्षण असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग सगळे काढा, मग ठिणगी बंद ठेवून इंजिन फिरवा, पाणी बाहेर उडेल. हे घराजवळ पाइप लावून इंजिन धुताना पुष्कळांचं होतं, कारण इंजिन चालू व्हायच्या आधी पाइप सोडला की एक्झॉस्टमध्ये पाणी भरत जातं, बाहेर फेकायला धूर नसतो, मग ते मागच्या वाटेनं सिलिंडरमध्ये. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.

"अर्धा तास थांबलं की होते चालू, मग कशाला डोकेफोड?"

तलावात एक वेळ ठीक आहे. पण जेट बोटीला सुकाणूचं पातं नसतं, पाण्याचा झोत डावी-उजवीकडे वळवून बोट वळते. झोत नाही तर स्टिअरिंग कितीही फिरवा, बोट प्रवाह नेईल तिकडे जाते, बहुतेक वेळा आडवी. वाहत्या नदीत हा अर्धा तास नाही, खालच्या पहिल्या खडकापर्यंतचा वेळ असतो. दोष सापडेपर्यंत मधल्या काठावर इंजिन बंदच करू नका, आणि नांगर दोरासकट पुढच्या टोकाला बांधून तयार ठेवा. मागून टाकू नका, जेट बोटीची मागची बाजू आधीच बुटकी आणि इंजिनच्या वजनानं दबलेली असते, प्रवाह तिच्यावरून सरळ आत येतो.